कुलपाची हमी देणारा वकील

प्लेगने हवालदिल झालेल्या मुंबईत १८९७ साली एका वृत्तपत्रात शहरातील वाढत्या घरफोड्यांविषयी बातमी आली. आपल्या घरादारांच्या आणि कचेऱ्यांच्या बंदोबस्ताकडे नागरिकांनी अधिक लक्ष द्यावे, असे आवाहन पोलीस आयुक्तांनी केल्याचे त्या बातमीत होते. कुटुंबेच्या कुटुंबे घराला कुलूप लावून शहराबाहेर पडत होती, ते हे दिवस. बातमी अनेकांनी वाचली असेल आणि बाजूला ठेवली असेल. एकोणतीस वर्षांच्या एका पारशी तरुणाला मात्र तिच्यात आपल्या आयुष्याचे काम सापडले. वकिली सोडून आलेल्या आणि पहिल्याच धंद्यात अपयश पदरी पडलेल्या त्या तरुणाचे नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

आयुक्तांचे आवाहन योग्य असले, तरी त्यात एक अडचण होती. व्यापाऱ्याने बंदोबस्त वाढवायचा म्हणजे नेमके काय विकत घ्यायचे? बाजारात हाताने घडवलेली देशी कुलपे होती. ती स्वस्त आणि दिसायला दणकट असत, पण त्यांची अंतर्गत रचना इतकी साधी असे, की एखाद्या सराईत चोराला वाकवलेली तारही पुरे. दुसऱ्या बाजूला विलायती कुलपे आणि तिजोऱ्या होत्या. त्यांची किंमत मोठ्या पेढ्यांनाच परवडणारी. ज्याची रोकड, हुंड्या आणि वह्या दुकानातच राहत, अशा मधल्या व्यापाऱ्याला देशी कुलपावर भरवसा नव्हता आणि विलायती तिजोरी परवडत नव्हती. अर्देशीर यांनी धंदा मांडला तो या मधल्या माणसासाठी.

त्यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईत झाला. सहा भावंडांत ते थोरले. आजोबा सोराबजी आणि वडील बुर्जोरजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवहार होता, घर सुस्थितीत होते. कुटुंबाचे मूळ आडनाव गूथेराजी. ते बदलून गोदरेज हे नाव वडिलांनी १८७१ मध्ये घेतले. १८९० साली अर्देशीर यांचा बचूबाईंशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८९१ मध्ये, बचूबाई आणि त्यांची नात्यातील बहीण यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्या प्रकरणाने सारी मुंबई हादरली, खटला उभा राहिला, आरोपी निर्दोष सुटला आणि वादाचा धुरळा पुढे कित्येक वर्षे उडत राहिला. तेविसाव्या वर्षी आलेल्या या आघाताविषयी अर्देशीर जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. त्यांना अपत्य नव्हते, आणि उरलेले आयुष्य त्यांनी जवळजवळ सर्वस्वी कामातच घालवले.

कायद्याचे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये ते एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. वकिलीचा आरंभ चांगला झाला होता. पण अशिलाच्या बाजूने जे सांगायचे ते आपल्यालाच खरे वाटत नाही, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी ते सांगण्यास नकार दिला. पक्षकारांनी समजावले, वरिष्ठांनी समजावले. वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते, सत्याचा निवाडा करणे न्यायाधीशाचे काम, हा युक्तिवादही झाला असणारच. अर्देशीर यांना तो पटला नाही. १८९५ मध्ये ते मुंबईला परतले आणि वकिलीकडे पुन्हा वळले नाहीत. व्यवहारी माणसांना हा हट्ट वाटला असेल, आणि तो हट्ट होताही. मात्र ज्या धंद्यात मालाबरोबर शब्दही विकावा लागतो, त्या धंद्याची तयारी झांझिबारच्या न्यायालयातच झाली, असे मागे वळून पाहताना म्हणता येते.

परतल्यावर त्यांनी काही काळ एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यक म्हणून काम केले. तेथे शस्त्रक्रियेची उपकरणे पाहून ती आपण येथेच तयार करावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांनी ३,००० रुपये कर्जाऊ दिले. चाकू, चिमटे, कात्र्या तयार झाल्या. औषध कंपनीच्या इंग्रज मालकाला त्यांचा दर्जा पसंत पडला, पण त्यांच्यावर भारतात तयार केल्याचा ठसा असेल तर कोणी त्या घेणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ठसा काढायला अर्देशीर तयार झाले नाहीत. मालकही हटला नाही. धंदा बसला. दर्जाविषयी तक्रार नसताना केवळ ठशासाठी माल परत यावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला किती लागली असेल, हे त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून ओळखता येते.

घरफोड्यांची बातमी वाचल्यावर ते पुन्हा कामांकडेच गेले. पहिले कर्ज अद्याप फिटायचे होते. तरी कामांनी दुसऱ्यांदा विश्वास टाकला. लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी सुमारे २१५ चौरस फुटांची एक शेड घेण्यात आली. गुजरात आणि मलबारकडचे मोजके कसबी कारागीर जमवले गेले आणि ७ मे १८९७ रोजी काम सुरू झाले.

पहिली कुलपे अँकर या नावाने बाजारात आली. प्रत्येक कुलपासोबत दोन किल्ल्यांचा जोड दिला जाई आणि त्या किल्ल्यांखेरीज दुसऱ्या कशानेही ते उघडणार नाही, अशी लेखी हमी असे. आज हमीपत्र हा खोक्यात पडून राहणारा कागद झाला आहे, त्यामुळे त्या काळी या हमीचे वजन काय होते, ते सहज लक्षात येत नाही. हमी खोटी ठरली असती, तर एक कुलूप बदलून देऊन भागले नसते. देशी माल म्हणजे तकलादू माल, हा त्या इंग्रज मालकाचा समज शहरभर खरा ठरला असता. अशिलासाठीही न पटणारे विधान करायला जो तयार झाला नव्हता, तो माणूस आता दररोज शेकडो अनोळखी दुकानदारांना एक विधान लिहून देत होता.

लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात. योग्य किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंतच उचलली जाते आणि मगच बोल्ट सरकतो. एखादी पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली, तरी कुलूप अडते. या पट्ट्या जागेवर बसवून ठेवतात त्या बारीक स्प्रिंगा. त्या कालांतराने ढिल्या पडतात, मोडतात, मुंबईच्या दमट हवेत गंजतात, आणि मग चोर बाहेर राहण्याऐवजी मालकच बाहेर राहतो. अर्देशीर यांनी हा दुबळा भागच काढून टाकण्याचे ठरवले. स्प्रिंगविरहित कुलूप त्यांनी तयार केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी पेटंटचा अर्ज केला.

मात्र व्यापाऱ्याला भेडसावणारा धोका नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. पेढीच्या किल्ल्या दिवाणजींकडे असतात, मुनिमाकडे असतात, कधी शेठच्या पुतण्याकडे असतात. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घ्यायला निमिषभर पुरतो. नोकर काम सोडून गेला, तर त्याने दिलेली किल्ली परत आली. तिची नक्कल कोठे आहे हे कोण सांगणार? या प्रश्नाचे उत्तर गॉर्डियन या कुलपात होते. त्याला दोन वेगवेगळ्या किल्ल्या असत आणि कुलूप दोन्हींनी उघडत व लागत असे. परंतु त्यांतली एक किल्ली आतील रचनाच बदलू शके. ती फिरवली, की दुसरी किल्ली आणि तिच्या असतील नसतील तेवढ्या नकला निरुपयोगी ठरत. मालकाने एक किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवली की झाले. कुलूप न बदलता कुलूप बदलण्याची सोय त्याच्या हाती येई.

डिटेक्टर हे दुसरे कुलूप याहून निराळ्या कारणासाठी होते. चुकीच्या किल्लीने किंवा तारेने खटपट केली, तर त्यातला बोल्ट अडकून बसे आणि मालकाची खरी किल्ली विशिष्ट रीतीने फिरवल्याखेरीज सुटत नसे. चोरी तर टळेच, पण कोणीतरी प्रयत्न केला होता हेही सकाळी दुकान उघडताना कळे. मूळ कल्पना इंग्लंडमधील चब यांची, १८१८ सालची. तिचे श्रेय अर्देशीर यांना देण्याचे कारण नाही. ती मुंबईच्या व्यापाऱ्याला परवडेल अशा रूपात आणली, हे त्यांचे काम. आज दुकानातला कॅमेरा रात्री कोण येऊन गेले ते दाखवतो. त्या काळी अडकलेला बोल्ट निदान कोणीतरी येऊन गेले एवढे तरी सांगत असे.

कुलपांचा जम बसल्यावर त्यांनी १९०१ च्या सुमारास तिजोऱ्यांकडे लक्ष वळवले. येथे प्रश्न अधिक बिकट होता, कारण तिजोरीचे शत्रू दोन. एक चोर आणि दुसरी आग. कापडाच्या, कापसाच्या, रॉकेलच्या गोदामांनी भरलेल्या शहरात व्यापाऱ्याला चोराइतकीच आगीची धास्ती असे. रोकड गेली तर पुन्हा कमावता येते, पण उधारीच्या वह्या जळाल्या तर कोणाकडून किती येणे आहे हेच उरत नाही. चोराच्या पहारीपुढे टिकणारी पेटी आगीत टिकेलच असे नाही, आणि उलटही तसेच. ग्राहक बहुधा तिजोरीचे वजन आणि पत्र्याची जाडी पाहून समाधान मानतो.

अर्देशीर यांनी पाहिले ते सांधे. वेगवेगळे पत्रे जोडून केलेल्या तिजोरीत जोड हीच तिची उघडी बाजू असते. छिन्नी तेथेच शिरते आणि आगीत पत्रे प्रसरण पावू लागले, की फटही तेथेच पडते. म्हणून तिजोरीचे अंग एकाच पोलादी पत्र्यातून घडवायचे, असे त्यांनी ठरवले. अनेक आराखडे झाले, मोडले. अखेर पत्र्याला सोळा ठिकाणी वाकवून, कडा सांधून एकजीव पेटी करण्याची पद्धत पक्की झाली. तिला दुहेरी दार बसवण्यात आले. कुलूप आणि बिजागऱ्या आतल्या पत्र्यावर, म्हणजे बाहेरून घाव घालणाऱ्याच्या हाती लागणार नाहीत अशा. १९०२ मध्ये पहिली तिजोरी तयार झाली. १९११ च्या दिल्ली दरबारासाठी आलेल्या राजदांपत्याच्या भारतभेटीत गोदरेजची तिजोरी वापरली गेल्याचे या घराण्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदवलेले आहे. शस्त्रक्रियेच्या चिमट्यांवरचा ठसा ज्यांना नकोसा होता, त्यांच्याच राणीचे दागिने त्या ठशाच्या पेटीत राहिले, हा योगायोग गमतीचा खरा.

कंपनीच्या नावातला बॉइस कोण, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते कामांच्या नात्यातले. कामांच्या इच्छेखातर अर्देशीर यांनी त्यांना भागीदार करून घेतले. बॉइस फार काळ टिकले नाहीत, भागीदारी संपली, पण नाव मात्र राहिले. दोनदा कर्ज देणाऱ्या माणसाची आठवण यापेक्षा टिकाऊ रीतीने जपता आली नसती.

दरम्यान स्वदेशीची चळवळ उभी राहिली होती. तिच्याशी अर्देशीर यांचे नाते काहीसे अडचणीचे होते. दादाभाई नौरोजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. देशी उद्योग उभे राहिले पाहिजेत याविषयी शंका नव्हती. परंतु देशी आहे म्हणून हलका माल देशबांधवांनी सोसावा, ही अपेक्षा त्यांना मान्य नव्हती. ग्राहकाने त्याग करायचा आणि उत्पादकाने त्यावर पोसले जायचे, यात त्यांना देशसेवा दिसत नव्हती. असे मत त्या भारलेल्या वातावरणात लोकप्रिय होणे शक्य नव्हते. आणि तरीही १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळातली ही रक्कम डोळे दिपवणारी होती. मतभेद त्यांनी सोडले नाहीत आणि पैसाही अडवला नाही.

याच सुमारास, १९१८ मध्ये, प्राणिजन्य चरबी न वापरता वनस्पती तेलांपासून केलेला साबण त्यांनी आणला. त्याचे नाव चावी, म्हणजे किल्ली. साबणाची कथा स्वतंत्र आहे. कारखान्याचा पसारा मात्र हळूहळू चौदा वर्षांनी धाकट्या भावाकडे, पिरोजशांकडे जात होता. अर्देशीर यांचा ओढा प्रयोगाकडे, पिरोजशांचा विस्ताराकडे. १९२८ मध्ये थोरल्या भावाने सारा कारभार धाकट्याच्या हाती दिला आणि ते नाशिकला शेती करण्यासाठी निघून गेले. ज्याने आयुष्यभर इतरांच्या मालमत्तेला कुलपे लावली, त्याने स्वतःच्या किल्ल्या अशा सहज काढून द्याव्यात, याचे तेव्हाही अनेकांना नवल वाटले असेल. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. गोदीलगतची गोदामे, कचेऱ्या आणि वस्त्या जळून खाक झाल्या. त्या राखेतून काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतील कागद आणि ऐवज शाबूत निघाल्याचे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. सोळा ठिकाणी वाकवलेल्या त्या पत्र्याची एवढी मोठी परीक्षा अर्देशीर यांनी स्वतः कधी घेतली नसती.

विक्रोळीची जमीन पिरोजशांनी आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, लिलावात घेतली होती. तेथील कारखान्यात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे, तर ठरलेल्या किमतीत काम बसत नव्हते. तेव्हा कारखान्यातील कारागिरांनी कुलपाची व्यवस्था पेटीच्या आतच बसवली.