क्यू साकामोतो : कॉपीपासून ओरिजिनलपर्यंत

रिमिक्स आणि कव्हर व्हर्जनला आपण नेहमी नावं ठेवतो. दुसऱ्याची गाणी गाऊन कोणी मोठं होतं का? तर हो, होतं! अमेरिकन गाणी जपानी भाषेत गाऊन एका मुलाने सुरुवात केली, आणि पुढे अमेरिकेनेच त्याचं गाणं गायला घेतलं. त्याचं नाव क्यू साकामोतो.

क्यूचा जन्म १० डिसेंबर १९४१ चा, टोकियोजवळच्या कावासाकीचा. नऊ भावंडांत हा शेवटचा, आणि जपानीत ‘क्यू’ म्हणजे नऊ. थोडक्यात, रोल नंबर हेच नाव!

युद्धात जपान हरला. अमेरिकन सैन्य आलं, त्यांचा रेडिओ आला आणि त्यांची गाणीही आली. लष्करी तळांवरच्या क्लबांमध्ये सैनिकांसाठी जपानी बँड वाजू लागले. मग आलं एल्व्हिस प्रेस्लीचं वेड. शाळकरी क्यू त्याची झकास नक्कल करायचा. १९५८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो टोकियोच्या निचिगेकी थिएटरमधल्या ‘वेस्टर्न कार्निव्हल’ या तुफान गाजणाऱ्या कार्यक्रमात स्टेजवर उभा राहिला.

तेव्हा जपानमध्ये कव्हर गाण्यांचा धंदा जोरात होता. अमेरिकेत एखादं गाणं हिट झालं की लगेच त्याच्यावर जपानी शब्द बसवायचे, आणि मधेच एखादा इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा. (आपल्या कँटीनमधल्या मराठीसारखंच!) केंजी साझानामी या टोपणनावाने लिहिणारे गीतकार यात पटाईत. जिमी जोन्सचं ‘गुड टायमिंग’ क्यूने १९६० मध्ये ‘सुतेकी ना टायमिंग’ म्हणून गायलं आणि तो घराघरांत पोचला. नील सेडाकाचं ‘कॅलेंडर गर्ल’ही त्याने जपानीत आणलं.

या कॉपी करण्यातून त्याला एक गोष्ट मिळाली. रॉक अँड रोलवाले स्वर मधेच तोडतात, उचकी लागल्यासारखे. ती लकब त्याच्या गळ्यात कायमची बसली. १९६१ मध्ये संगीतकार हाचिदाई नाकामुरा आणि गीतकार रोकुसुके एई यांनी त्याला ‘उए ओ मुइते अरुको’ हे गाणं दिलं. अर्थ, ‘वर बघत चालूया’. गंमत म्हणजे रोकु म्हणजे सहा, हाची म्हणजे आठ आणि क्यू म्हणजे नऊ! क्यूने शब्द असे तोडलेले एईंना आधी मुळीच आवडलं नव्हतं. पण लोकांना नेमकं तेच आवडलं.

अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये १९६० साली मोठं आंदोलन झालं होतं. ते फसल्यावर एई फार निराश झाले आणि त्यातून हे गाणं आलं. ऐकणाऱ्याला मात्र ते एकट्या, दुःखी माणसाचं साधं गाणं वाटतं. परदेशात नाव उच्चारायला अवघड म्हणून ब्रिटनमधल्या एका रेकॉर्ड कंपनीने त्याला ‘सुकियाकी’ म्हटलं. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ आहे! आपलं एखादं दर्दभरं गाणं कुणी ‘तांबडा रस्सा’ नावाने विकावं, तसलाच प्रकार. तरी १५ जून १९६३ रोजी ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर गेलं आणि तीन आठवडे तिथेच राहिलं. शब्द कळत नसताना! तिथे पोचलेला तो पहिला आशियाई गायक. पुढे १९८१ मध्ये ‘अ टेस्ट ऑफ हनी’ या अमेरिकन ग्रुपने त्याचं इंग्रजी कव्हर केलं. चक्र पूर्ण फिरलं.

पण आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून पुढचंही वाचायलाच हवं.

१२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी क्यू टोकियोहून ओसाकाला निघाला. जपान एअरलाइन्सची १२३ नंबरची फ्लाइट, बोइंग ७४७. सात वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, याच विमानाची शेपटी उतरताना धावपट्टीवर घासली होती. मागच्या प्रेशर बल्कहेडची दुरुस्ती बोइंगच्या माणसांनी केली. जोडाला एक अखंड पट्टी लावायची होती. प्रत्यक्षात दोन तुकडे लावले गेले, आणि रिवेटच्या दोन ओळींनी घ्यायचा भार एकाच ओळीवर आला. वरून काही दिसत नव्हतं. त्यानंतर १२ हजारांहून जास्त उड्डाणं झाली. दर उड्डाणात केबिनचा दाब वाढायचा, उतरायचा आणि फटीगच्या भेगा पुढे सरकायच्या. त्या संध्याकाळी बल्कहेड फुटलं. सुटलेल्या हवेने शेपटीचा उभा पंखा उडवला आणि हायड्रॉलिकच्या चारही लाइन तुटल्या. वैमानिकांनी विमान अर्धा तास कसंबसं हवेत ठेवलं. शेवटी ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर कोसळलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. त्यात ४३ वर्षांचा क्यूही होता. मागे बायको आणि दोन मुली.

ते फाटलेलं बल्कहेड जपान एअरलाइन्सने २००६ पासून हानेडा विमानतळाजवळच्या केंद्रात ठेवलं आहे. आपल्या कर्मचाऱ्यांना ते मुद्दाम दाखवतात.

तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, फटीगचा चॅप्टर ऑप्शनला टाकण्याआधी एकदा ‘सुकियाकी’ नक्की ऐका. अडीच-तीन मिनिटांचंच गाणं आहे.