जमावाचा समाज

सातारा प्रांतीचे आरफळ हे श्रीगुरु हैबतबाबांचे गाव. चाकरी ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी. पुढे ते आळंदीस माउलींपाशी राहिले. तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केलेल्या एकत्र पालखीतून बाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा निराळा केला, दिंड्यांस क्रम लावला नि जमावाचा समाज झाला.

पण हा क्रम धाकावर चालत नाही बरे! आजही मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. गाऱ्हाणे असलेल्या दिंडीचेच तेवढे वाजत राहतात. तिचे ऐकून घेतल्यावाचून आरती नाही, मग दिंडी केवढीही लहान असो.

आणि क्रम लावणाऱ्या बाबांची जागा? आळंदीच्या महाद्वारी, पायरीशी. नियम करणाऱ्याने कुठे राहावे, हे आम्ही त्या पायरीला हात लावून शिकतो.