राजभांडार सांभाळणारे महात्मा बसवेश्वर

२०२४ साली कर्नाटक शासनाने महात्मा बसवेश्वरांना सांस्कृतिक नायक म्हणून घोषित केले. आनंदच आहे. परंतु निवडणुका आल्या की मठांच्या उंबरठ्यावर पुढाऱ्यांची रांग लागते, तेव्हा धर्माने राजसत्तेच्या किती जवळ जावे, हे त्यांच्याच चरित्रात शोधावे लागते.

बदनावर-धारकडील वाचकांना कल्याण दूरचे वाटेल. पण ज्या चालुक्य सोमेश्वराने कल्याणला राजधानीचे वैभव दिले, त्यानेच अकराव्या शतकात भोजराजाच्या धारानगरीवर स्वारी केली होती. आणि बिज्जळाचे कलचुरी घराणे आपले मूळ उत्तरेतील कालंजराशी जोडीत असे.

बागेवाडीच्या मादरस-मादलांबिकांचे हे पुत्र मुंज नाकारून कूडलसंगमास गेले. अध्ययनानंतर मंगळवेढ्यास येऊन बिज्जळाच्या पदरी हिशेब लिहू लागले. सचोटीमुळे भांडार हाती आले, पुढे प्रधानपद. ११६२ च्या सुमारास बिज्जळ स्वतंत्र राजा म्हणून मिरवू लागला.

आता नीट लक्ष द्या. एवढी सत्ता हाती असूनही बसवेश्वरांनी राजाज्ञेने कोणाच्या गळ्यात इष्टलिंग बांधल्याचे कोठेही आढळत नाही. अनुभवमंटपाच्या शून्यपीठावर ते स्वतः बसले नाहीत; तेथे अल्लमप्रभूंना बसविले. डोहर कक्कय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, अक्कमहादेवी यांचे बोल प्रधान खाली बसून ऐकत. दासोह चाले तो कायकाच्या कमाईवर. राजधन जंगमांवर उधळले जाते अशी चहाडी दरबारात झाली, तेव्हा भांडार मोजले गेले आणि पैन् पै जुळली, असे परंपरा सांगते. (आमच्या मते प्रत्येक मठाच्या कारभाऱ्याने हा प्रसंग वर्षातून एकदा वाचावा.)

मग आला तो विवाह. चांभार हरळय्यांचा पुत्र आणि पूर्वाश्रमीचे ब्राह्मण मधुवरस यांची कन्या. शरणांच्या दृष्टीने दोन्ही कुळे शिवकुळेच. सनातन्यांना मात्र तो वर्णसंकर वाटला. बिज्जळाने दोन्ही पित्यांना क्रूर देहान्त शासन दिले. बसवेश्वरांनी प्रधानपद सोडले आणि ते कूडलसंगमास निघून गेले. ज्या सत्तेने शरणांचे रक्त सांडले, तिच्या मुद्रेला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

११६७ च्या सुमारास बिज्जळाचे राज्य संपले. त्याचा वध शरणांनी केला, असे आपली काही पुराणे अभिमानाने सांगतात. जैन कथा निराळे सांगतात. आम्हास त्या वधाचा अभिमान वाटत नाही. त्यानंतर कल्याणमध्ये शरणांची ससेहोलपट झाली. चेन्नबसवण्णा उरलेल्यांना घेऊन उळवीच्या अरण्याकडे निघाले. त्यांच्यापाशी राज्य नव्हते, भांडार नव्हते. वचनांच्या ताडपत्रांची ओझी मात्र होती.