बावीस श्रुती आणि मिरजेचे खाँसाहेब

मोबाईलवर वाजणारा तंबोरा तुम्ही ऐकला असेल. आपण लावलेला स्वर सेकंदाला किती कंपनांचा आहे, हेही आता मोबाईल दाखवतो. पण यातलं काहीच नव्हतं तेव्हा, शंभरेक वर्षांपूर्वी, आपल्या सांगली-साताऱ्यात स्वर मोजण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यामागे कान होता उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, आजच्या उत्तर प्रदेशातील किराना गावचा. घरात गाणं पिढीजात. काही काळ बडोदा दरबारी राहून ते पुढे मिरजेला आले आणि मिरजेचेच झाले.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना २२ श्रुतींचं गणित मांडायचं होतं. कागदावर गणित जमेल हो, पण ते स्वर अचूक काढून दाखवणार कोण? ते काम खाँसाहेबांनी केलं. घराण्याची विद्या लपवून ठेवायचा तो काळ होता, हे लक्षात घ्या.

आता गंमत बघा. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. सा २४० कंपनांचा धरला, तर नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३०० चा असतो. पेटीचा मात्र ३०२.४ चा! फरक केवढासा, पण दोन्ही एकदम वाजले की सूर थरथरतो. खाँसाहेबांच्या कानाला तो खुपायचा.

देवलांचं श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली आलं. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीही यात लक्ष घातलं आणि इंग्लंडमधून श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण पं. भातखंड्यांसारख्या जाणकारांना पटली नाही. गाताना श्रुती रागाप्रमाणे हलते, ती पट्टीत कशी बसवणार? मला तरी हा आक्षेप खरा वाटतो.

पेटी मागे पडली, गाणं मात्र पसरलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि पं. भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. हिराबाई बडोदेकर व सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुलं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेत रेल्वेने जाताना खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर ते उतरले, तंबोरा जुळवला, दरबारी रागात प्रार्थना केली आणि तिथंच प्राण सोडला. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ दफन केलं. उरुसाला गायक-वादक आजही तिथं हजेरी लावतात.