हाडाला नाव मिळाले

इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, असे चाकूरच्या महाविद्यालयात येईपर्यंत मला वाटत असे. राणी केतेवानची हकिकत वाचली आणि तो समज गळून पडला.

केतेवान ही जॉर्जियातील काखेती राज्याची राणी. मुलगा तैमुराझ याचे राज्य वाचावे म्हणून ती इराणच्या शाह अब्बासकडे बोलणी करावयास गेली आणि अडकली. शिराझ येथे सुमारे दहा वर्षे ती कैदेत होती. ख्रिस्ती धर्म सोडण्यास तिने ठाम नकार दिला. तेव्हा १६२४ साली तापलेल्या सांडशींनी हालहाल करून तिला ठार मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळविल्या व त्यांतील काही १६२७ साली गोव्यास आणल्या. पुढे जुन्या गोव्यातील त्यांचे चर्च ढासळले आणि राणी ढिगाऱ्याखाली हरवली.

जुन्या पोर्तुगीज नोंदींच्या आधारे शोध घेताना २००४ साली पुरातत्त्व खात्याला तेथे हाताचे एक हाड सापडले. पण ते तिचेच कशावरून? हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेत त्याचा डीएनए तपासण्यात आला. केवळ आईकडून अपत्याला मिळणारा भाग शास्त्रज्ञांनी पाहिला. त्याचा गट बावीस हजारांहून अधिक भारतीयांत कोठेच आढळला नाही. जॉर्जियातील तीस जणांपैकी दोघांत मात्र आढळला. कागदाला विज्ञानाने दुजोरा दिला. २०२१ साली भारताने त्या अस्थी जॉर्जियाला भेट दिल्या.

मुलासाठी परमुलखात गेलेल्या या आईची ओळख अखेर आईकडून येणाऱ्या खुणेनेच पटली. तेव्हापासून १६२४ हा मला नुसता आकडा वाटत नाही.