गुरांमागे गेलेली शाळा



आपल्यापैकी बहुतेक जण पहिलीत यायच्या आधी अंगणवाडीत जात होते. तिथली गाणी अजून पाठ आहेत, खिचडीची चवही आठवते. पण शाळेला अंगण कसे काय जोडले गेले, हा विचार आपण कधी करत नाही. त्यामागे एका बाईंची पन्नास वर्षांची मेहनत आहे. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांना जाऊन पन्नासहून जास्त वर्षे झाली. त्यांची हकिगत मी वाचली आणि मला वाटले, ही आपल्या शाळेच्या भिंतीवर लागलीच पाहिजे. कारण तिच्यात आपल्यासारखीच पोरे आहेत, गुरे आहेत, रान आहे आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेल्या मुली आहेत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई, दोघेही प्रार्थना समाजाचे. त्या काळी मुलीला शिकवायचे म्हणजे लोकांची बोलणी खायची. पण या घरात मुलींनी शिकायचे हे ठरलेलेच होते. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. तेव्हा पदवी घेतलेल्या बायका फारच थोड्या होत्या.

लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पण संसार नीट चालला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि गुजरातेत राजकोटला गेल्या. तिथे शिक्षिका तयार करणारे एक कॉलेज होते. १९२२ मध्ये त्या तिथल्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मान मोठा. कोणीही म्हणेल, आता आयुष्यभर इथेच राहायचं. पण त्या तिथे फार दिवस राहिल्या नाहीत.

याचे कारण गिजुभाई बधेका. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा झाल्यावर याला कोणत्या शाळेत घालावे, असा प्रश्न त्यांना पडला. शाळा पाहिल्या तर जिकडेतिकडे छडी आणि घोकंपट्टी. मग त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. तिथे मार नव्हता, भीती नव्हती. मुले गोष्टी ऐकत, गाणी म्हणत, नाटके करत, मातीत खेळत, बागेत काम करत. गिजुभाईंचा मुलांवर इतका जीव की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले.

१९२३ मध्ये ताराबाई मोठी नोकरी सोडून या बालमंदिरात आल्या. नऊएक वर्षे दोघांनी बरोबर काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षकांना आणि आईबापांना समजावून सांगायला शिक्षण पत्रिका नावाचे मासिक निघत होते. पुढे ताराबाईंनी ते मराठीतही काढले. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मुलांना खेळू द्या, हाताने करू द्या, मग ती आपोआप शिकतात, हे शहरातल्या लोकांना हळूहळू पटू लागले.

आता मला या हकिगतीतली सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. इतके नाव झाल्यावर ताराबाई शहरात सुखाने राहू शकल्या असत्या. पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. मुलांना हाताळायला द्यायची जी साधने होती, ती बाई माँटेसोरी यांच्या पद्धतीची होती. लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, मनोरे, पेट्या. साधने फार उत्तम, पण महाग. ज्याच्या घरी रात्रीच्या भाकरीची पंचाईत, त्याच्या मुलाला हे कोण देणार? आणि गरिबाचे मूल शिकायचे राहिले तर या नव्या शिक्षणाचा देशाला उपयोग काय?

म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई मूळच्या मोरगावच्या, लहानपणीच विधवा झालेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकलेल्या. वय पस्तीस. बोर्डीच्या कामात शिरल्या त्या १९९२ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात राहिल्या.

महागड्या साधनांचे काय केले? त्या दोघींनी आजूबाजूला पाहिले. समुद्रकाठी शंखशिंपले पडलेले. रानात बिया, पाने, फुले. ओढ्यात गारगोट्या. घरात चिंचोके. लहानमोठे शिंपले क्रमाने लावले की लहानमोठेपणा समजतो. बिया मोजल्या की गणित होते. पाने वेगवेगळी केली की आकार कळतात, झाडे कळतात. एक पैसाही लागत नाही, आणि मुलाला ती वस्तू घरचीच वाटते. मला वाटते, याहून मोठी विज्ञानपेटी कुठे मिळणार नाही.

पण एक अडचण राहिलीच. बालवाडी गावात होती आणि सर्वांत गरीब मुले वस्तीवर, पाड्यावर होती. ती येत नसत. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले, मुलांना आणून कोण सोडणार? आणि आलीच तरी चांगल्या कपड्यांतल्या मुलांजवळ बसायला बिचकत. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाई तसे म्हणाल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. हीच अंगण बालवाडी. आपण आज अंगणवाडी म्हणतो तिचे मूळ इथे आहे.

इथे मी माझ्या आजीची गोष्ट सांगते, कारण ती मला याच ठिकाणी आठवली. आजी लहान असताना दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत गेली होती. तो रडायला लागला. गुरुजींनी सांगितले, याला घरी ठेव आणि मग ये. पण घरी ठेवायचं कोणापाशी? आई शेतात होती. आजी त्या दिवशी परत आली ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. तिला आजही सही करता येत नाही. मात्र बाजाराचा हिशेब तोंडी इतका पक्का की दुकानदार फसवू शकत नाही. म्हणजे डोकं होतं, शाळा तेवढी नव्हती.

ताराबाईंना अशाच मुली दिसल्या. १९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आणि इतर आदिवासी लोकांचा मुलूख. तिथे त्यांनी विकासवाडी उभी केली. विकासवाडी म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. मोठ्या बहिणीने तान्ह्या भावाला घेऊन यायचे, त्याला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत बसवायचे आणि स्वतः वर्गात जायचे. इतका साधा उपाय! आजीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की आपल्या वेळी असं असतं तर बरं झालं असतं.

मुलींचे असे झाले, पण मुलगे? ते दिवसभर गुरांमागे. गुरे सोडून शाळेत बसले तर गुरे शेतात शिरणार आणि मालकाचा मार खावा लागणार. यावर ताराबाईंनी कुरणशाळा काढली. शिक्षक मुलांबरोबर कुरणात जात. गुरे चरत आणि जवळच झाडाखाली शाळा भरे. तिथे गोष्टी, गाणी, मैदानी खेळ, मोजणी, लिहिणे, वाचणे आणि भोवतालच्या झाडापाल्याची, दगडमातीची, किड्यापाखरांची ओळख. ना भिंत, ना बाक. मुलाचे काम बुडत नव्हते आणि शिक्षणही बुडत नव्हते.

काही जणांना वाटेल, रानात काय शिकणार? माझे चुलते गुरे राखतात, त्यांच्याबरोबर मी सुट्टीत जाते. सकाळी सोडताना किती, परत आणताना किती, हे मोजले की वजाबाकी झाली. सकाळी आपली सावली लांब, दुपारी आखूड, संध्याकाळी पुन्हा लांब आणि उलट्या बाजूला. म्हणजे सूर्य कुठून कुठे गेला ते जमिनीवर दिसते. कोणता पाला गुरे खातात आणि कशाला तोंड लावत नाहीत, हे चुलत्यांना तोंडपाठ आहे. नाला कुठे ओलांडायचा, विंचू कोणत्या दगडाखाली असतो, पावसात कोणत्या वाटेने यायचं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. कुरणशाळेत हीच माहिती धडा होत होती. घरी जी गोष्ट मुलाला येते तिच्यापासून शिकवायला सुरुवात केली की मुलाला आपण ढ आहोत असे वाटत नाही.

आपल्या शाळेतही यंदा आम्ही असे दोन प्रयोग केले, ते पालकांना माहीत नसतील म्हणून लिहिते. पहिला प्रयोग कडुनिंबाचा. झाडावर न चढता त्याची उंची काढायची होती. आम्ही एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी धरली. तिची सावली ८० सेंटिमीटर भरली. लगेच झाडाची सावली मोजली, ती ६ मीटर ४० सेंटिमीटर. ६४० मध्ये ८० आठ वेळा जातात, म्हणून झाड ८ मीटर उंच. गुणोत्तराचे गणित फळ्यावर कोणाला कळत नव्हते, झाडाखाली सर्वांना कळले.

दुसरा प्रयोग खो-खोचा. खेळाच्या आधी प्रत्येकाने मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली. माझे ठोके २२ भरले, म्हणजे मिनिटाला ८८. पाठलाग करून धापा टाकत आल्यावर पुन्हा मोजले तर ३५, म्हणजे मिनिटाला १४०. पळताना पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू हवा असतो. तो रक्तातून पोचवायला हृदय भराभर चालते. पुस्तकातला हृदयाचा धडा त्या दिवशी छातीत धडधडत होता. त्या दिवशी घरी गेल्यावर वडिलांनी विचारले, आज काय शिकलात? मी म्हटले, खो-खो खेळलो. ते जरा नाराज झाले. मग मी त्यांचीच नाडी मोजली आणि सर्व समजावून सांगितले. आता ते स्वतःच शेतातून आल्यावर मनगट पुढे करतात.

ताराबाईंना १९६२ साली भारत सरकारने पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आधी देशातल्या ३३ ठिकाणी आणि मग गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. पण आपण सगळे त्यातूनच पुढे आलो.

शेवटी पालकांना एक विनंती. आमच्या वर्गात दसऱ्यानंतर काही जागा रिकाम्या होतात. ती मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. काही मुली धाकटे भावंड सांभाळायला घरी राहतात. त्या मुलामुलींमध्ये लंगडीत कोणाला न सापडणारी आहे, पाखराचा नुसता आवाज ऐकून नाव सांगणारा आहे. परत आल्यावर त्यांना मागचं काही कळत नाही आणि मग ती गप्प बसतात. अशा मुलांना आजीआजोबांपाशी किंवा नातेवाइकांकडे ठेवता येत असेल तर जरूर ठेवा. नेणे भागच असेल तर आधी बाईंना किंवा गुरुजींना सांगा, म्हणजे तिकडच्या शाळेचा काही मार्ग काढता येईल. न सांगता नेऊ नका. आणि घरी धाकटे मूल असेल तर त्याला अंगणवाडीत घाला, मोठ्या मुलीला आमच्याकडे पाठवा.

मित्रमैत्रिणींनो, आपणही एक करू या. जे मूल गैरहजर असेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी आपल्यापैकी एकाने जायचे आणि त्या दिवशीचा धडा सांगायचा. ओट्यावर बसून सांगा, गोठ्यात सांगा, विहिरीवर पाणी भरताना सांगा. ताराबाईंची शाळा गुरांमागे कुरणापर्यंत गेली, आपली निदान पुढच्या गल्लीपर्यंत तरी जाऊ दे.

अशा या थोर बाईंना माझा नमस्कार.

इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी