समुद्र न सोसणारी सहप्रवासिनी

पाठीवर पिशव्या अडकवून दूरच्या बेटांवर हिंडणारी तरुण जोडपी पाहिली की मला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आठवतो. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक म्हणून आपण त्याला शाळेपासून ओळखतो. पण हे पुस्तक १८८३ साली निघाले आणि दक्षिण समुद्रातली बेटे त्याने प्रत्यक्ष पाहिली ती त्यानंतर पाच वर्षांनी. त्या भ्रमंतीत त्याची पत्नी फॅनी बरोबर होती, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. मला विचाराल तर या कहाणीतले मोठे धाडस तिचेच आहे.

एडिंबरोत, दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या घराण्यात, १८५० साली लुईचा जन्म झाला. छाती लहानपणापासून अधू. पुढे खोकल्यातून रक्त पडू लागले. १८७६ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात त्याची फॅनी ऑस्बर्नशी गाठ पडली. ती अमेरिकन, विवाहित, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. पदरी दोन मुले. धाकटा मुलगा त्याच वर्षी पॅरिसमध्ये दगावलेला. तिच्या घटस्फोटानंतर, १८८० साली, सॅन फ्रान्सिस्कोत दोघांनी लग्न केले. नवरा त्या वेळी इतका आजारी होता, की संसाराची सुरुवातच शुश्रूषेने झाली.

१८८७ मध्ये लुईचे वडील वारले. वारशातले सुमारे २००० पौंड त्याने सागरी हवापालटासाठी काढले. कॅलिफोर्नियात गेलेल्या फॅनीनेच ‘कास्को’ नावाचे शिडाचे जहाज शोधून तारेने कळवले. २८ जून १८८८ रोजी मंडळी निघाली. बरोबर लुईची आई आणि फॅनीचा मुलगा लॉइड होता. जहाज शोधणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र समुद्र मुळीच सोसत नसे. लाटा उठल्या की ती आडवी व्हायची. समुद्रावर लुईची तब्येत खुलायची आणि तिची ढासळायची.

मार्केसास बेटे झाली, पोमोटूची प्रवाळबेटे झाली. ताहितीत लुईने पुन्हा अंथरूण धरले. फॅनीने त्याला गाडीत घालून टाउटिरा या झाडीतल्या गावी नेले. तिथे मोए नावाच्या राजघराण्यातल्या बाईने त्याला नारळाच्या रसातले कच्चे मासे भरवले. नारळाच्या रसाची महती आपल्या कोकणी माणसाला वेगळी सांगायला नको! लुई उठून बसला. जहाजाची डोलकाठी कुजल्याचे निघाले, ते दुरुस्तीला गेले, जवळचा शिधा संपत आला. तेव्हा ओरी नावाच्या गावप्रमुखाने या परक्यांना आपल्याच घरी ठेवून घेतले. त्याने आणि लुईने एकमेकांची नावे घेतली, म्हणजे तिथल्या रीतीने ते भाऊ झाले.

१८८९ मध्ये ‘इक्वेटर’ या व्यापारी जहाजाने ते गिल्बर्ट बेटांवर गेले. अपेमामाचा राजा टेम्बिनोक परक्यांना सहसा थारा देत नसे. त्याने यांच्यासाठी झोपड्या उभारून दिल्या. परतफेड म्हणून फॅनीने त्याच्या राज्यासाठी शार्क माशाचे चित्र असलेला ध्वज तयार केला.

१८९० साली सिडनीत लुईचा आजार उलटला. फॅनीने गोदीत वणवण करून ‘जॅनेट निकोल’ ही आगबोट मिळवली. ऑकलंड सोडल्यावर त्यांच्या केबिनमधल्या शोभेच्या दारूने पेट घेतला. गोंधळात खलाशी एक जळती पेटी समुद्रात फेकायला निघाले. फॅनीने त्यांना अडवले. त्या पेटीत लुईची हस्तलिखिते होती!

अखेर सामोआत, आपिया गावाच्या वर, रानातली तीनशेहून अधिक एकर जमीन घेऊन त्यांनी वायलिमा हे घर बांधले. लुई लिहीत बसे. फॅनी झाडी तोडून घेई, कोको लावी, भाजीपाला पिकवी. एकदा तो बोलून गेला की तिचा पिंड शेतकऱ्याचा आहे. कलावंत म्हणवून घेण्याची हौस असलेल्या फॅनीला ते फार लागले. तिने ते रोजनिशीत टिपून ठेवले. पुढे १८९३ च्या सुमारास तिचे मन पार खचले. तेव्हा शुश्रूषा करण्याची पाळी लुईची होती आणि त्याने ती केली, हेही सांगितले पाहिजे.

३ डिसेंबर १८९४ रोजी संध्याकाळी, जेवणाच्या तयारीत फॅनीला मदत करताना लुई कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय अवघे ४४. ज्या छातीसाठी एवढी धावपळ केली, तिने दगा दिलाच नाही! सामोअन माणसांनी जंगल तोडून वाएआ डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट काढली आणि त्याला तिथे पुरले.

फॅनी १९१४ साली कॅलिफोर्नियात गेली. ‘जॅनेट निकोल’वरची तिची रोजनिशी त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. १९१५ मध्ये तिच्या अस्थी त्याच डोंगरावर नेण्यात आल्या. वायलिमात आज लुईच्या नावाचे संग्रहालय आहे. प्रवासाची गोष्ट लिहिणाऱ्याचे नाव राहते. शिधा पुरवून वापरणारी, औषधाची वेळ पाळणारी, जळती पेटी वाचवणारी व्यक्ती समासात जाते. आपल्या घरातले सहलींचे फोटो जरा निरखून पाहा. बऱ्याच फोटोंत आई दिसणार नाही. ती तेव्हा डबे भरत असेल. फॅनीची कबर नवऱ्याशेजारी आहे, पण बोट हलताच पोटात ढवळून येत असतानाही जहाज शोधायला तीच निघाली, हे कबरीवरून कसे कळावे? म्हणून मी ते इथे सांगितले.